तुरीसारखं फूल, पण तूर नाही

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, सिडनीत येऊन तीन वर्षं झाली. रविवारी मुलांना घेऊन कुठल्या ना कुठल्या बुश ट्रॅकवर जातो. ऑगस्टच्या शेवटी कु-रिंग-गाय चेस नॅशनल पार्कमध्ये गेलो होतो, तर वाटेच्या दोन्ही बाजूंना कंबरेएवढी झुडपं नुसती पिवळीधमक झालेली. जवळ जाऊन बघते तर हुबेहूब तुरीचं फूल! पिवळं, आणि मधे लाल. माहेरी शेतात तूर असायची म्हणून मी मुलांना लगेच सांगून टाकलं की ही जंगली तूर, पण पानं काही तुरीची नाहीत, सुईसारखी बारीक आहेत. मोबाइलमधल्या अॅपने एकाच झुडपाची चार नावं सांगितली. वाटेत एक आजी भेटल्या त्या म्हणाल्या ‘एग्ज अँड बेकन’. चार फोटो पाठवतेय. हे नक्की काय आहे, आणि याच्या शेंगा खायच्या असतात का?

उत्तर : शेंगांचं आधी सांगते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं, खायच्या नाहीत. एकही नाही, चाखून बघायला पण नाही, आणि मुलं बरोबर असतात म्हणून त्यांनाही आजच सांगून ठेवा. याच घराण्यातली गॅस्ट्रोलोबियम नावाची झुडपं वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात वाढतात, फुलं अशीच पिवळी-केशरी-लाल, आणि त्यातल्या बऱ्याच जातींमध्ये फ्लुरोॲसिटेट असतं. इथे कोल्ह्यांना मारायला जे ‘टेन-एटी’ विष वापरतात त्यातला मुख्य पदार्थ हाच. गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरं-मेंढरं ही झुडपं खाऊन मेलेली आहेत, तिथल्या मूळच्या प्राण्यांना मात्र ते बऱ्यापैकी पचतं कारण ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत वाढलेत. तुमच्या फोटोतलं झुडूप गॅस्ट्रोलोबियम नाही, पण फूल तुरीसारखं दिसलं म्हणून शेंगही तुरीसारखी असेल हा हिशोब या देशात अजिबात चालत नाही.

आता ओळखीचं. तुम्ही तूर म्हणालात ते मला फार आवडलं, कारण घराणं तुम्ही बरोब्बर पकडलंत. तूर, वाल, हरभरा, गोकर्ण, पळस आणि हे झुडूप, सगळ्यांच्या फुलाची घडण एकच. मागे उभी मोठी पाकळी, तिला ध्वज म्हणतात, दोन बाजूंना दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. लाल रंग असतो तो ध्वजाच्या बुडाशी आणि होडीवर, आणि तो मधमाशीला खूण म्हणून असतो की मध इथे आहे. माशी पंखांवर बसली की तिच्या वजनाने होडी खाली दबते आणि आतले पुंकेसर बाहेर येऊन तिच्या पोटाला पराग लावतात. तुरीत पण अगदी हेच होतं.

फरक आत आहे. तुरीचं फूल सोलून बघितलं तर दहा पुंकेसरांपैकी नऊ एका नळीत जोडलेले असतात आणि एक मोकळा. तुमच्या झुडपाच्या फुलात दहाच्या दहा सुटे. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच झुडपी पी-फ्लॉवर्समध्ये, म्हणजे वाटाण्यासारखं फूल असणाऱ्या झुडपांमध्ये, असे सुटे पुंकेसर असतात. म्हणजे चुलत घरातली मंडळी, पण चूल फार पूर्वीच वेगळी झालेली. (फूल तोडून सोलायचं मात्र नॅशनल पार्कमध्ये नाही, त्यावर पुढे बोलते.)

‘एग्ज अँड बेकन’ हे एका झाडाचं नाव नाहीच. पिवळं-लाल पी-फ्लॉवर दिसलं की इथली माणसं हेच म्हणतात, पिवळं म्हणजे अंड्याचा बलक आणि लालसर तपकिरी म्हणजे तळलेलं बेकन. डिलविनिया, पुल्टेनिया, डेव्हिसिया, बॉसिया, एओटस असे कितीतरी गट या एका नावाखाली येतात, एकट्या पुल्टेनियाच्याच शंभराच्या वर जाती आहेत. आजींनी चुकीचं सांगितलं नाही, पण ते आपण नुसतं ‘कडधान्य’ म्हणण्यासारखं झालं. आणि अॅपचंही तेच होतं, तुमच्या चारपैकी तीन फोटोंमध्ये फक्त फुलंच आहेत, आणि फुलं या सगळ्यांची इतकी सारखी असतात की तेवढ्यावरून कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. मीसुद्धा इथे आल्यावर पहिले दोन वसंत फक्त फुलांचे फोटो काढत होते, शेकडो काढले, आणि नंतर त्यातल्या एकाचंही नाव लावता आलं नाही. मग एका जाणकार बाईंनी ट्रॅकवर मला गुडघ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, फूल विसर, पान फांदीला जिथे चिकटतं ती जागा बघ. तेव्हापासून मी तेच करते आणि तुम्हालाही तेच सांगते.

तर तुमचा चौथा फोटो, ज्यात फांदी जवळून आलीये, तो कामाचा आहे. मी झूम करून बघितला. पहिली गोष्ट, पानाच्या बुडाशी काहीही नाही. पुल्टेनिया असता तर तिथे दोन बारीक तपकिरी, कागदासारखी उपपर्णं दिसली असती, तांदळाच्या कणीएवढी किंवा त्याहून बारीक, पण असतात, आणि कोवळ्या शेंड्याला तर ती एकमेकांवर चढून दाट झालेली असतात. शिवाय पुल्टेनियाच्या फुलाच्या हिरव्या पेल्याला बाहेरून दोन चिमुकली पानं चिकटलेली असतात, कानांसारखी. ती फूल पूर्ण उमललं तरी तिथेच राहतात. तुमच्या फोटोत पेला अगदी मोकळा आहे.

दुसरी गोष्ट पानाची नाली. सुईसारखं पान म्हणजे खरं तर कडा वळून गुंडाळलेलं पान असतं, आणि कडा कुठल्या बाजूला वळल्यात ते बघायचं. वरच्या बाजूला वळून वर बारीक चर पडली असेल तर डिलविनिया. कडा खाली वळून चर खालच्या बाजूला असेल तर एओटस किंवा फायलोटा. एओटसच्या नावाचा अर्थच ‘कान नसलेला’, कारण पेल्यावरचे ते दोन कान त्याला नसतात, आणि त्याची पानं बरेचदा तीन-तीनच्या घेऱ्यात येतात. तुमच्या फोटोत चर वर आहे. भिंग असेल तर पुढच्या वेळी घेऊन जा, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात मावतं आणि मुलांना त्याचं फार वेड लागतं.

तिसरी गोष्ट ध्वजाची ठेवण. डिलविनियाचा ध्वज उंचीपेक्षा रुंद जास्त असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेला, जवळजवळ चपटा. तुमच्या फोटोत अगदी तसाच आहे.

आणि शेवटची खूण बघून तर मला फार आनंद झाला, पानं पीळ घातलेली आहेत. नुसती सरळ सुई नाही, दोरीला पीळ देतो तशी प्रत्येक पानाला हलकी पिरगळ आहे. डिलविनिया रेटॉर्टा. रेटॉर्टा म्हणजेच पिरगळलेली. इथलं चालू नाव ‘हीदी पॅरट-पी’. डिलविनियाच्या सगळ्याच जातींना पॅरट-पी म्हणतात आणि यातला हीदी म्हणजे हीथवर, झाडं नसलेल्या नुसत्या झुडपांच्या माळावर, वाढणारा. डिलविनिया हे नाव लुइस वेस्टन डिलविन नावाच्या ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञावरून १८०५ मध्ये दिलं गेलं, बाकी त्या माणसाचा या झुडपाशी काही संबंध नाही. इथले मूळ लोक हजारो वर्षं या जंगलात राहतायत, त्यांची स्वतःची नावं होतीच, ती सोडून दूरदेशीच्या एका सभ्य गृहस्थाचं नाव चिकटलं याची मला खरंच खंत वाटते.

जवळच्या बहिणी आहेत त्यांच्याशी गोंधळ होऊ शकतो म्हणून तेही सांगते. पानाच्या टोकाला हात लावल्यावर टोचलं तर डिलविनिया सीबेरी असू शकते, रेटॉर्टाची पानं टोचत नाहीत. पानं खरखरीत, बारीक पुटकुळ्या असल्यासारखी आणि फुलं फांदीच्या वरच्या भागात पानांच्या बगलेत जोडीजोडीने भरलेली असतील तर फ्लोरिबुंडा. पानं सरळ आणि थोडी केसाळ असतील तर सेरिसिया बघा. आणि झुडूपच काटेरी, पानांऐवजी जणू काटेच, फुलं छोटी आणि शेंग त्रिकोणी असेल तर ती डिलविनिया नाहीच, ती डेव्हिसिया, बिटर-पी. त्रिकोणी शेंग ही डेव्हिसियाची अशी पक्की खूण आहे की फुलं संपल्यावरही ओळखता येतं. फांदीच चपटी, पट्टीसारखी दिसली तर बॉसिया. तुमच्या झुडपाची शेंग ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर बघायला जा, तुरीसारखी लांब नसते, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, फुगीर, आत एक नाहीतर दोन बिया. बस एवढीच.

तुम्ही ज्या जागी बघितलंत ती जागाही जुळते. सिडनीच्या आजूबाजूला सगळा हॉक्सबरी सँडस्टोन, वालुकाश्म, त्याची माती म्हणजे जवळजवळ वाळू, फॉस्फरस तर नावालाच. अशा मातीत मोठी रसाळ पानं परवडत नाहीत म्हणून सगळं जंगलच कडक, चामडी पानांचं आहे, स्क्रिब्ली गम, अँगोफोरा, बँक्सिया आणि त्यांच्या खाली ही झुडपं. जिथे वारा जास्त आणि माती अजून उथळ तिथे झाडं संपतात आणि नुसती झुडपं राहतात, त्याला हीथ म्हणतात. कोकणातल्या सड्यावर उभं राहिल्यावर जसं सगळं आभाळ अंगावर येतं तसंच तिथे वाटतं, फरक एवढाच की सड्यावर पावसाळ्यात इवलीशी फुलं जमिनीलगत येतात आणि इथे फुलं कंबरेला लागतात. रेटॉर्टा या दोन्ही ठिकाणी सुखाने राहते. मुळांवरच्या गाठींमध्ये जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, आपल्या तुरीसारखंच, त्यामुळे अशा गरीब मातीत ही झुडपं स्वतः तर जगतातच पण मातीलाही काहीतरी देऊन जातात.

आगीचं एक सांगायचं राहतंय. या बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत जात नाही, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. बीला एक छोटा तेलकट तुकडा चिकटलेला असतो, तो खायला मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी तिथेच राहतं, जमिनीखाली, सुरक्षित. मग आग येते, वरचं झुडूप जळून जातं, पण मातीतल्या उष्णतेने कवच तडकतं आणि पुढच्या पावसात रोपं उगवतात. २०१९-२० च्या वणव्यांच्या त्या भयंकर उन्हाळ्यानंतर जळलेल्या काळ्या जमिनीवर मी स्वतः अशा पी-फ्लॉवर्सची रोपं बोटाएवढी उगवलेली बघितलीयेत, काळ्यावर हिरवं, आणि मला तिथे रडू आलं होतं. पण आग फार लवकर लवकर आली तर नवीन झुडपं बी धरण्याआधीच जळतात आणि मातीतला साठा संपतो, ही काळजी खरी आहे.

तोडण्याबद्दल : नॅशनल पार्कमधलं एक फूलसुद्धा तोडणं कायद्याने गुन्हा आहे. कु-रिंग-गाय चेस १८९४ पासून राखलेलं आहे, रॉयल नॅशनल पार्क तर १८७९ पासून, आणि आज इतक्या मोठ्या शहराला खेटून एवढं जंगल उभं आहे ते त्यामुळेच. फोटो भरपूर काढा. पूर्ण झुडूप, फांदीचा शेंडा, पानाची वरची बाजू, पान हलकेच उलटून खालची बाजू, फूल समोरून आणि फूल बाजूने म्हणजे हिरवा पेला दिसेल. एवढे सहा फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राणी ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर, टाकले तर अॅपने चार नावं दाखवली तरी माणसं बरोबर नाव देतात.

प्रश्न : मी मेलबर्नच्या बाहेरच्या भागात राहतो. आमच्या ओढ्याच्या काठाने माणसापेक्षा उंच पिवळ्या फुलांची झुडपं झालीयेत, फुलं वाटाण्यासारखीच. शेजारी म्हणतात उपटून टाका, बायको म्हणते नेटिव्ह आहे, हात लावू नका. कोणाचं खरं?

उत्तर : तुम्ही फोटो पाठवला नाहीत त्यामुळे मी नाव देणार नाही, पण कसं बघायचं ते सांगते, आणि यात घाई नको, कारण दोन्हीकडे चूक महागात पडते.

फुलात लाल-तपकिरी अजिबात नाही, सगळं फूल एकसारखं पिवळं, असं असेल तर पहिला संशय ब्रूम किंवा गॉर्सवर घ्यायचा. ही दोन्ही युरोपकडून कुंपणासाठी, बागेसाठी आणलेली झुडपं आणि आता पक्की तणं झालेली. देशातल्या सगळ्यात त्रासदायक तणांची पहिली यादी १९९९ मध्ये आली, वीस नावांची, तीत गॉर्स होतं, आणि २०१२ मध्ये ब्रूमही त्यात आले. गॉर्स ओळखायला सोपं, अंगभर लांब हिरवे काटे, हात घालायची सोय नाही. स्कॉच ब्रूमच्या फांद्या हिरव्या आणि कंगोरेदार, झाडूच्या काड्यांसारख्या सरळ वर गेलेल्या, शेंगा चपट्या, वाळल्या की काळ्या आणि कडेला केस. गरम दिवशी त्या तट्‌कन फुटून बिया लांब उडवतात, आवाजही ऐकू येतो. केप ब्रूमला तीन-तीन पानं, मेथीसारखी, आणि त्यावर रेशमी लव.

पण नुसतं पिवळं म्हणजे तण असं धरू नका बरं का. गॉम्फोलोबियम नावाची इथलीच झुडपं आहेत, त्यांचीही फुलं पूर्ण पिवळी आणि चांगली मोठी असतात, पानंही बरेचदा तीन-तीन पर्णिकांची. त्यांची शेंग बघा, चपटी नाही, फुग्यासारखी गोल फुगलेली. म्हणजे केप ब्रूम की गॉम्फोलोबियम हे शेंगेवरून कळेल. ओढ्याच्या काठाने दाट भिंतीसारखं माजलेलं, माणसापेक्षा उंच, हे वर्णन मला ब्रूमचंच वाटतंय, पण शेंगा येईपर्यंत थांबलात तर बिया पडायला लागतील, म्हणून आत्ताच फांदीचे फोटो काढून तुमच्या कौन्सिलला दाखवा, तिथे तणांचं काम बघणारी माणसं असतात. आणि उपटायचंच ठरलं तर ओल्या मातीत, मुळासकट, आणि पुढची कित्येक वर्षं दर वसंतात परत त्या जागी जायची तयारी ठेवून, कारण यांचं बीही मातीत दशकानुदशकं टिकतं.

प्रश्न : डिलविनिया घरच्या बागेत लावता येईल का? बी कसं रुजवायचं?

उत्तर : येईल. बी मात्र नेटिव्ह नर्सरीतूनच घ्या, बुशमधून नाही. कवच टणक असतं म्हणून बी वाटीत घेऊन त्यावर उकळलेलं पाणी ओतायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी जी फुगलेली दिसतील ती पेरायची, राहिलेल्यांना परत तेच करायचं. पॉलिश पेपरवर हलकं घासलं तरी चालतं. माती वाळूमिश्रित, पाणी लगेच निचरणारी, आणि खत घालायचंच असेल तर कमी फॉस्फरसवालं. आपल्याला सवय असते शेणखत, कोंबडीखत भरभरून घालायची, प्रेमापोटीच घालतो, पण या झुडपांना ते सोसत नाही.

प्रश्न : ब्लू माउंटन्समध्ये या एग्ज अँड बेकनच्या झुडपांच्या मधेच एक दांडा बघितला, पानं गवतासारखी दोन-तीन, आणि वर फुलं त्याच पिवळ्या-तपकिरी रंगाची पण आकार वेगळाच, वर दोन कान उभे आणि खाली दोन शेपट्या. हे त्याचंच पिल्लू का?

उत्तर : नाही, हे ऑर्किड आहे! डायुरिस, डाँकी ऑर्किड, आणि तपकिरी ठिपके असतील तर बहुतेक डायुरिस मॅक्युलाटा. डायुरिसचा अर्थच दोन शेपट्या. या गटातल्या काही ऑर्किड्सबद्दल असं दिसून आलंय की ती पी-फ्लॉवरची नक्कल करतात. आजूबाजूची झुडपं माशीला मध देतात, तिला त्या रंगाची सवय लागते, आणि मग ती याच रंगाच्या ऑर्किडवर पण येते, तिथे मिळत काहीच नाही पण पराग मात्र घेऊन जाते. म्हणजे शेजारी खरी झुडपं फुललेली असली की या ऑर्किडचंही भागतं. तुम्ही ते झुडपांच्या मधेच बघितलंत यात म्हणूनच मला नवल वाटलं नाही. खणून घरी आणायचा मोह होईल तर आणू नका, मातीतल्या बुरशीच्या आधाराने ते जगतं, कुंडीत मरेल. पुढच्या वर्षी त्याच जागी परत जा, जमिनीखाली छोटे कंद असतात त्यांतून ते पुन्हा वर येतं, आणि शेजारी कुठलं पी-फ्लॉवर होतं त्याच्या पानाच्या बुडाचा फोटो मला नक्की पाठवा.